शुगर लँडमधलं पोर्तुगाल

लिस्बनमध्ये नगररचना शिकून मी २००५ साली शुगर लँडला आईबाबांकडे परत आले, तेव्हा वाटलं होतं, आता टेक्सासला पायी चालायला शिकवायचं. ते राहिलं बाजूला. किस्से मात्र इतके साठले, की मैत्रिणी हल्ली जेवायला बोलावतात ते तेवढ्यासाठीच.

मी नोकरीसाठी गेले त्या ऑफिसकडे एका ‘पोर्तुगीज व्हिलेज’ कॉलनीचं काम होतं. इंटरव्ह्यूत बॉसनं, ग्रेगनं, पोर्तुगीज गावाची खूण विचारली. मी पेटलेच. लिस्बन, मकाव, ब्राझीलमधलं साल्व्हादोर, आपली पणजी! टेकडीच्या कलानं वळणारे रस्ते, आणि चर्चसमोर रस्ता रुंदावून तयार झालेला छोटा चौक, जिथे सगळं गाव येऊन टेकतं.

ग्रेगनं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे लाल कौलं, बरोबर?”

नोकरी मिळाली.

*

शुगर लँड पोळपाटासारखं सपाट. क्लायंटला टेकडी हवी होती. मग तळं खणलं, त्याच मातीची टेकडी रचली आणि तिच्यावर वळणावळणाचा रस्ता नेला.

हा रस्ता जातो कुठे, असं मी विचारलं.

“खाली,” क्लायंट म्हणाला.

*

लिस्बनचे फुटपाथ काळ्यापांढऱ्या दगडांच्या नक्षीचे. ती नक्षी सगळ्यांना फार आवडली. काँक्रीटवर तिचा ठसा मारून ती ड्राइव्हवेवर आली, गाड्यांखाली. फुटपाथ कॅन्सल केले.

*

बाबा मॉडेल हाऊस बघायला आले. लोखंडी नक्षीची बाल्कनी बघून खूश झाले आणि वर जाऊन तिचं दार शोधत बसले. दार नव्हतंच. सेल्सवाल्या बाईंनी समजावलं, की दार ठेवलं तर एसीची हवा बाहेर जाते.

“मग बाल्कनी कशाला?” बाबांनी विचारलं.

“रस्त्यावरून छान दिसते.”

रस्त्यावर अर्थातच कुणी नव्हतं.

*

चर्चचा मनोरा बांधला, चर्च नाही. मनोऱ्यात मोबाइलचा अँटेना. समोरच्या चौकात क्लायंटला पार्किंग हवं होतं. तिथे मात्र मी हटून बसले. बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा, एवढा चौक सोडा. शेवटी सोडला. मधोमध एक ओकचं झाड, भोवती दगडी पार.

लोक राहायला आले, आणि संध्याकाळी त्या पारावर आजीआजोबा दिसू लागले. भारतातून मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले. ड्राइव्ह करता येत नाही, दिवसभर घरात कोंडलेले. थर्मासमधून चहा यायचा, वादही रंगायचे.

“पोरी, इथे आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी कुणीतरी भांडलं,” नागपूरच्या कुलकर्णी काकू मला म्हणाल्या. “बरं वाटलं बघ.”

मी गाडीत जाऊन रडले.

पुढच्याच महिन्यात रहिवाशांच्या असोसिएशननं मीटिंग बोलावली. डिझाइनमध्ये दोष आहे म्हणे, लोक बसतात. त्यानं घरांच्या किमती पडतील. पार काढून काटेरी झुडपं लावायची का, यावर सगळ्यात आधी हात वर केला काकूंच्या मुलानं, महेशनं.

“ती जागा बघण्यासाठी आहे, यार,” तो मला बाहेर म्हणाला. “आणि आईला घरात काय कमी आहे? जिना उतरला की टीव्ही.”

ड्रॉइंग बदलायचं काम माझ्याकडेच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनाशी एक ठरवलं आणि ऑफिसात जाऊन ड्रॉइंग उघडलं. चौकातला पार पुसून टाकला, सांगितल्याप्रमाणे. झुडपंही लावली. मग कॉलनीच्या सामायिक जागेत, महेशच्या बिनदाराच्या बाल्कनीसमोर, नवा पार आखला. पहिल्यापेक्षा चांगला ऐसपैस.