मालकाचं नाव

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मी अमरावतीची, नोकरी अकोल्यात, रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात सिस्टर. माझा आवाज लिफ्टपर्यंत ऐकू जातो म्हणतात. पण ज्यांच्या अंगात पांढऱ्या पेशीच उरल्या नाहीत, त्यांच्या पलंगाभोवती जीपभर माणसं संत्री सोलत बसली, तर गोड कसं बोलायचं? त्या पेशंटला साधी सर्दीसुद्धा महागात पडते. म्हणून मी ओरडते, "एकानंच थांबा, मास्क लावा, बाकीचे खाली व्हा!" लोक मनात शिव्या देत असतील, देऊ द्या.

त्या आठवड्यात वॉर्डात दोन मावश्या होत्या. एक मूर्तिजापूरकडची, एक परतवाड्याची. दोघींचं नाव एक, आडनाव एक. आमच्याकडे त्यात नवल नाही. फरक फक्त मधल्या नावाचा, म्हणजे नवऱ्याच्या. दोघींच्याही हाडांतला मगज रक्त तयार करेनासा झाला होता, त्यामुळे बाहेरून रक्त द्यावं लागायचं. रक्तगट मात्र वेगवेगळे.

रक्त चढवायची आमची रीत ठरलेली आहे. दोघी सिस्टर पलंगाशी उभ्या राहतात. एक पिशवीवरचं नाव, नंबर, गट मोठ्यानं वाचते. दुसरी केसपेपर आणि पेशंटच्या मनगटावरची पट्टी बघते. मग पेशंटलाच विचारायचं, तुमचं नाव काय. आपणच नाव सांगून "हेच ना?" असं विचारायचं नाही, कारण आपली माणसं सिस्टरला नाही म्हणत नाहीत. नव्या मुलींना हे मीच शिकवते, दम देऊन शिकवते.

आणि त्या सकाळी मीच शेण खाल्लं.

परतवाड्याच्या मावशीच्या हाताला सूज आली होती, म्हणून मनगटावरची पट्टी कापली होती. नवी बांधायची राहिली. मी तिच्याच पलंगाशी रक्त चढवायला उभी होते. सोबतची सिस्टर माझ्याजवळ येऊन उभी राहिली तेवढ्यात पलीकडच्या पेशंटच्या नाकातून रक्त सुरू झालं, थांबेचना. ती तिकडे धावली. मी म्हटलं, जाऊ दे, मी एकटी करते. केसपेपर उचलला तो मूर्तिजापूरच्या मावशीचा. पिशवीही तिचीच. कागदाशी कागद बरोबर जुळला आणि माझं समाधान झालं.

"मावशी, पूर्ण नाव सांगा."

तिनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मधलं गाळलं.

"मालकाचं नाव?"

तिनं पदर तोंडाला लावला. तिच्या वयाच्या कितीतरी बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मला ते काही नवीन नव्हतं. मी घाईत होते. कागदावरचं नाव मीच वाचलं. "हेच ना?" तिनं मान हलवली, आडवी. मला वाटलं, लाजली. "अवं माय, या वयात कायचं लाजणं!" असं म्हणत मी रक्त सुरू केलं.

पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही, हा नियम तेवढा मी पाळला. त्यानं ती वाचली, माझ्या हुशारीनं नाही. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मावशी चुळबुळ करायला लागली.

"बाई, राग नका मानू. तुमी जे नाव वाचलं नं, ते आमच्या यायचं नोय."

मी आधी नळी बंद केली. "मग यांचं कोणतं? मावशी, नाव घ्या!" ती पदराआडून माझ्याकडे बघत राहिली. "जीव जाईल तुमचा! घ्या नाव!" मी किंचाळले. आणि तिनं घेतलं. पिशवीवरचं नव्हतं.

तोवर तिला हुडहुडी भरली होती, कंबर धरून आली होती. दुसऱ्या गटाचं रक्त अंगात गेलं की मूत्रपिंडं बंद पडू शकतात, माणूस जातोसुद्धा. डॉक्टर आले. नळी बदलली, सलाईन लावलं, पिशवी तपासायला परत पाठवली, लघवीची नळी घातली. पहिली लघवी आली ती कोऱ्या चहासारखी. मी डॉक्टरांना सांगितलं, चूक माझी आहे, आणि तसंच माझ्या हातानं लिहून दिलं.

तिचा नवरा बाहेर बाकावर डबा घेऊन बसला होता. बस डेपोतून रिटायर झालेला साधा माणूस. डॉक्टर सांगतील, तू जाऊ नको, असं सगळ्यांनी मला बजावलं. मी गेले. पट्टीपासून सगळं सांगितलं, तिला नाव घ्यायला लावलं तेही सांगितलं. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "वाचते नं ती?"

"आत्ता नाही सांगता येत, काकाजी."

दुपारी माझी ड्युटी संपली, पण मी घरी गेले नाही. दर तासाला लघवीची पिशवी बघत होते. एका तासाला रंग जरा उतरायचा, पुढच्या तासाला परत गडद व्हायचा. संध्याकाळी लघवी स्वच्छ पिवळी आली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं ठीक आहेत. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर टॉवेल दाबून रडले.

परत आले तर काकाजी मास्क लावून पलंगाशी बसले होते.

"सिस्टर, तुमी म्हन्लं, तिनं माहं नाव घेतलं. खरंच का?"

"हो."

"लग्नात उखान्यात घेतलं असन, तं बँड वाजून राहिला होता. मले काही आयकू नाही आलं. त्यानंतर कधी घेतलंच नाही. कसं घेतलं हो?"

ते पिशवीवरचं नाव नाही, एवढंच मी ऐकलं होतं.

मग ते तिच्याकडे वळले. "घे नं एकडाव. माह्यासमोर."

तिनं सुई टोचलेल्या हातानंच पदर वर ओढला.

"आता काहून घेऊ? आता तं मी जित्ती हाओ."