शंभरावा दिवस

तिसगावच्या स्टँडवर दत्तूनं माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि खाली उडी मारून हात झटकले. एकाहत्तर सालचा जून होता. आपला थोरला भाऊ उंदरांवर संशोधन करायला अमेरिकेला निघालाय, एवढंच त्याला कळलं होतं.

"दादा, उंदरंच पाह्यची तर इतक्या लांब कशाला? आपल्या कणगीत लई हायेत. नावं ठिवून देतो एकेकाला!"

स्टँडवरची माणसं हसली. आमचे वडील, आबा, हसले नाहीत. "दत्त्या, तोंड आवर. थोरला मान्सं जगवायचं शिकाया चाललाय."

आई केव्हाच गेली होती. शेत दत्तूच्या अंगावर टाकून मी शिकलो होतो. गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना एवढं ठाऊक आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुम्हालाही नाही आणि माझ्यासारखे जे निघून गेले त्यांनाही नाही.

तिकडे लॅबमध्ये माझं काम असं होतं: क्ष-किरण देऊन उंदराच्या हाडाच्या नळीतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, मारून टाकायचा आणि दुसऱ्या उंदराचा मगज त्याला टोचायचा. रक्त या मगजातच तयार होतं. परका मगज पुष्कळदा नव्या शरीरालाच शत्रू समजून त्याच्यावर उठतो. उंदराचे केस विसकटतात, तो वाळत जातो. सख्ख्या भावंडाचा जुळला तर रुजतो. प्रत्येक उंदीर शंभर दिवस पाहायचा, रोज वजन लिहायचं. मध्येच सोडलं तर सगळा प्रयोग वाया. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर डॉक्टरांनी हा उपचार माणसांवर नुकताच सुरू केला होता.

पुढच्या वर्षी आपल्याकडे दुष्काळ पडला. मी हीटर लावलेल्या खोलीत डब्यातलं सूप पीत होतो आणि दत्तू दुष्काळी कामावर खडी फोडत होता. आबांचं पत्र आलं. "दत्तूच्या अंगावर निळे डाग येतात. खडीचा मार असावा. हिरड्यांतून रक्त येते, दम लागतो. तुझ्या पुस्तकात काही असेल तर कळव."

लॅबमधल्या स्टुलावर बसून मी ते वाचलं. मगज मेलेल्या उंदरांच्या कातडीखाली असेच डाग मी रोज पाहत होतो. दत्तूचा मगज मरत चालल्याची नुसती शंका आली होती, असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला कळलं होतं.

माझा मगज त्याला जुळण्याची शक्यता चारांत एक. पण ती तपासायची तर त्याला अमेरिकेला न्यायला मला लगेच निघावं लागलं असतं, आणि माझ्या उंदरांचा तो एकतिसावा दिवस होता. मी उत्तर लिहिलं: खडीचाच मार असेल. रक्त वाढायला गूळ-शेंगदाणे द्या. तीन महिन्यांत येतो, तेव्हा तपासतो.

नव्वदाव्या दिवशी दत्तू गेल्याची तार आली. त्यानंतरही मी दहा दिवस थांबलो. शंभराव्या दिवसाची वजनं लिहिली आणि मग विमानात बसलो.

ओसरीवर माणसं बसली होती. आबा म्हणाले, "तुझ्या पत्रापरमानं गूळ-शेंगदानं दिलं. चावंना झालं तवा कुटून दिलं. दादानं सांगितलंय, म्हंजी उतार पडंल, आसं म्हनायचा." मग जमलेल्यांकडं वळून म्हणाले, "ह्यो हितं असता तर पोरगं वाचलं असतं. एवढ्या लांबून त्याला काय कळनार?"

मी होकारार्थी मान हलवली.

प्रयोग छापून आला. त्यावर नोकरी मिळाली, घर झालं, बर्फ उपसायची सवय झाली. मी गावी येतो तेव्हा आबा मला शेजारी बसवून घेतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच वाक्य ऐकवतात. दर वेळी मी मान हलवतो.

आता आबांना दिसत नाही. छापलेलं काही आलं की शेजारपाजारचं कुणी त्यांना वाचून दाखवतं. जो कुणी हे त्यांना वाचून दाखवेल त्याला विनंती आहे, मधलं काही गाळू नका. आबा, मला कळलं होतं.

तिकडच्या घरातून मला कुणी जा म्हटलं, तर मी दुसरं घर पाहीन. आबा, तुम्ही जा म्हणालात, तर मला जायला जागा नाही. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच उरलं आहे.