केडगावच्या प्लॉटवरचं तळं

माझं बरंचसं लहानपण एका तलावाच्या तळाशी गेलं, असं मी सांगितलं की परगावचे लोक माझ्याकडे जरा जपून बघतात. नगरच्या माणसाला त्यात काही वाटत नाही. फराह बागेचा महाल सुलतानांनी तलावाच्या मधोमध बांधून घेतला. पुढे राज्य गेलं, पाणी गेलं, महाल तेवढा राहिला. पाण्याच्या जागी सपाट जमीन आणि बाभळी उरल्या, आणि त्या सपाट जमिनीवर मी सायकल शिकले. वडील मागून कॅरिअर धरून पळायचे आणि ओरडायचे, "समोर बघ, तलावाच्या बाहेर जाऊ नकोस." राजघराण्यातल्या बायका जिथे होडीतून फिरल्या असतील तिथे मी दोन्ही गुडघे फोडून घेतले.

आमचं शहर पाण्याच्या बाबतीत पहिल्यापासून हट्टी. सीना आहे, पण तिच्या भरवशावर राहावं असं ती कधी वागली नाही. म्हणून सुलतानांनी लांबून, डोंगराच्या पायथ्यापासून खापरी नळ घालून जमिनीखालून पाणी आणलं, हौद बांधले, कारंजी उडवली. पुढे इंग्रजांच्या अमदानीत पिंपळगाव माळवीचा तलाव शहराची तहान भागवायला लागला. आता नळाला मुळा धरणाचं पाणी येतं, तेही त्याच्या मर्जीने. जुन्या तलावांवर आम्ही सुट्टीच्या दिवशी पक्षी बघायला जातो, डबे खातो आणि फोटो काढतो. थोडक्यात काय, नगरमध्ये आपसूक आलेलं पाणी फारसं नाहीच. जे आहे ते कोणीतरी अडवलेलं, वळवलेलं, आणलेलं. मला त्याचा अभिमान वाटतो.

आबांना वाटत नसे. आबा म्हणजे माझे सासरे. ते जामखेडकडचे, कोरडवाहू शेतीत जन्म गेलेला. सासूबाई गेल्यावर काही वर्षं गावी एकटेच राहिले. एकदा दारातच घसरून पडले आणि दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. त्यानंतर आम्ही त्यांना नगरला, केडगावच्या आमच्या घरी घेऊन आलो. आले ते एका कापडी पिशवीत दोन सदरे आणि धोतर घेऊन. पिशवी दारामागच्या खुंटीला लागली ती तिथेच राहिली. मी धुतलेले कपडे कपाटात ठेवायचे, संध्याकाळी ते परत पिशवीत गेलेले असायचे.

"आबा, हे घर आहे, एसटी स्टँड नाही," मी म्हणायचे.

"असूं दे. हाताशी बरी," ते म्हणायचे आणि हसायचे.

पिशवीखेरीज गावाहून आलेली दुसरी वस्तू म्हणजे तांब्याचा हंडा. तो भरून, वर ताट झाकून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि त्यातल्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही. नळ आला की जुनं पाणी कढीपत्त्याला, नवं हंड्यात. त्यांच्या भागात घरोघरी असा एक राखीव हंडा असतो. एकदा कितीतरी दिवस नळ आला नाही. मी जार मागवले, भांडी पुसून ठेवली, शेवटी वैतागून हंड्यावरचं ताट उचललं. आबांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि परत झाकलं. "अजून येळ आली न्हाई," म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना चहा दिला, पण बोलले नाही.

आता गणपतीचं. आबांचा गणपती दरवर्षी गावच्या पाझर तलावात जायचा. आमच्याकडे आल्यावरही तेवढ्यासाठी ते गावी जायचे. विसर्जन झालं की रिकाम्या पाटावर तळ्यातला मूठभर गाळ घ्यायचा, तो घरी आणून ज्वारीत ठेवायचा आणि पुढच्या गणपतीपर्यंत राखायचा. पाट रिकामा घरी आणायचा नाही, ही रीत. त्या वर्षी गुडघे इतके दुखत होते की डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, या वर्षी केडगावातच बसवू.

आबांनी जरा विचार केला. "बसवा. पन सूनबाई, माती कुठनं आनायची? जिथली माती घरात, तिथलं आपन. हितल्या पान्यात माजं मन लागलं तर हितनंच माती आनीन अन् हितंच ऱ्हाईन. न्हाई लागलं तर चतुर्दशी झाली की मला गावाला सोडा."

भांडणाचा सूर नव्हता, बाजाराला जाऊन येतो म्हणावं तसं सांगितलं. नवरा मोबाईलमध्ये बघत बसला. मला मात्र राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. तो गावचा दरवाजा आणि ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलेना. शिवाय एव्हाना मला त्यांची सवय झाली होती. सकाळी त्यांच्याशी वाद घातल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

त्याच वर्षी कॉलनीने ठरवलं की विसर्जनासाठी मोकळ्या प्लॉटवर आपला कृत्रिम तलाव करायचा. मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त मी बोलले, त्यामुळे जबाबदारीही माझ्यावरच आली. आबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "केलेलं पानी. त्यात गनपती सोडायचा म्हंजी बादलीत सोडल्यावानी."

मग मी हट्टाला पेटले. गणपतीच्या आधीच्या रविवारी त्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि शहराचे तलाव दाखवायला निघाले. कापूरवाडीचा तलाव त्यांना आवडला. बांधावर उभे राहून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. "ह्ये झ्याक हाय. हितंच सोडू की."

"इथे बंदी आहे आबा. आणि हाही केलेलाच आहे. तुम्ही उभे आहात तो बांध काय आपोआप उगवला?"

तिथून फराह बागेत गेलो. मी त्यांना माझी सायकल शिकायची जागा दाखवली. ते त्या कोरड्या तळाकडे आणि महालाकडे आळीपाळीने बघत राहिले, मग पोट धरून हसले. "एवढा मोटा सुलतान, अन् पानी ऱ्हायलं न्हाई तेचं."

मी म्हटलं, "तुमच्या गावचा तलाव तरी देवाने खणला का?"

"आमी खनला. म्या सोता डोक्यावर मातीच्या पाट्या वाह्यल्यात."

"मग तोही कृत्रिमच झाला की."

"न्हाई," आबा शांतपणे म्हणाले. "त्यो आमचा."

मी स्कूटी सुरू केली.

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी जेसीबीने प्लॉटवर चांगला खोल खड्डा केला. त्यात शेततळ्याला घालतात तो काळा कागद अंथरला, काठाने झेंडूच्या माळा लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला आणि खड्डा काठोकाठ भरून गेला. ऊन पडल्यावर ते पाणी इतकं सुरेख दिसत होतं की मला सुलतान झाल्यासारखं वाटलं. पोरं आणि कुत्री आत उतरू नयेत म्हणून मी काठावर खुर्ची टाकली, आबांना काठी देऊन तिच्यावर बसवलं, आणि वाटली डाळ करायला घरी आले.

त्या सकाळी नळ आला नव्हता. डाळ वाटता वाटता मला लांबून हाक ऐकू आली, "टँकर आलाऽ! घागरी आनाऽ!" मागच्या गल्लीत आला असेल, मी मनाशी म्हटलं. थोड्या वेळाने शेजारच्या काकू भरलेल्या दोन बादल्या घेऊन दारात. "तुमच्या वाटच्या. आबांनी पाठवल्यात." देव भलं करो त्या आबांचं, असं म्हणून मी एका बादलीत भांडी घासली आणि दुसरीने फरशी पुसली. पाणी आलं की ते कुठून आलं हे आमच्याकडे कोणी विचारत नाही.

चारच्या सुमाराला प्लॉटवर गेले तर तळ्यात घोट्याएवढं पाणी. काळा कागद उघडा पडलेला, त्यावर झेंडूची फुलं चिकटलेली. आबा खुर्चीत ताठ बसले होते, चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"बग, एका बी बाईचं भांडान झालं न्हाई," ते म्हणाले. "घरटी दोन बादल्या. समद्यांना पुरलं."

मग माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. त्यांच्या गावात टँकर विहिरीत रिकामा करतात आणि लोक विहिरीतून शेंदून नेतात. काठावर एकाने उभं राहून हाका मारायच्या आणि शिस्त लावायची. उन्हाळेच्या उन्हाळे हे काम आबांचं होतं. भरलेला खड्डा समोर, नळ आलेला नाही, आणि हातात काठी. दुसरं काही घडणं शक्यच नव्हतं. आणि कॉलनीतली निम्मी घरं तसल्याच गावांतून आलेली. टँकर म्हटल्यावर त्यांच्या हातांनी आपोआप बादल्या उचलल्या. हे पाणी गणपतीचं आहे हे एकालाही आठवलं नाही. मला हसू येत होतं आणि रडूही.

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग खड्ड्याकडे. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"सूनबाई," ते म्हणाले, "मग गनपती?"

मी टँकरवाल्याला फोन लावला. "आज कुठनं देऊ ताई? सगळीकडं विसर्जनं हायती," तो म्हणाला. एवढ्यात ताशाचा आवाज यायला लागला. लोक गणपती हातात घेऊन घराबाहेर पडत होते. आबा खुर्चीतून उठले आणि घराकडे चालू लागले. गेले पिशवी घ्यायला, मला वाटलं. आता यांना कुठल्या तोंडाने थांबवायचं?

मी काठावर उभी राहून लोकांना काहीबाही सांगत होते, तेवढ्यात ते परत येताना दिसले. पुढे माझा नवरा, त्याच्या खांद्यावर तांब्याचा हंडा. मागून आबा लंगडत येत होते आणि पाणी हिंदकळू नये म्हणून एक हात हंड्याला लावून होते. काठावर आल्यावर त्यांनी ताट काढून माझ्या हातात दिलं आणि हंडा दोघांनी मिळून तळ्यात ओतला.

"आता आली येळ," आबा म्हणाले. मग जमलेल्या लोकांकडे वळून सकाळच्याच आवाजात ओरडले, "ज्येनं त्येनं आपल्या घरचं पानी आना. घरटी दोन बादल्या!"

मग काकू हसत सुटल्या आणि घराकडे पळाल्या. त्यांच्या मागे सगळेच. बादल्या आल्या, कळशा आल्या, कुकर आला. एकाने गच्चीवरच्या टाकीतून पाइप सोडला. एका घरातून पिण्याच्या पाण्याचा जार आला. माझ्या दोन्ही बादल्यांचं पाणी गटारात गेलेलं, म्हणून मी टाकीच्या तळाचं होतं नव्हतं तेवढं काढून आणलं. काठाशी येता येता प्रत्येकाचं थोडं सांडत होतं, आणि तिथे काळ्या मातीचा चिखल झाला. अंधार पडायच्या आत तळं गुडघाभर भरलं. काठोकाठ नव्हतं, पण बुडायला पुरेसं होतं.

आमचा गणपती शाडूचा, हातभर उंचीचा. आरती झाली आणि नवऱ्याच्या आधाराने आबा स्वतः पाण्यात उतरले. मूर्ती दोनदा वर काढली आणि तिसऱ्यांदा सोडून दिली. मी काठावर रिकामा पाट धरून उभी होते. त्यांनी वाकून तळाशी हात फिरवला. तळाशी कागद. माती कुठून येणार? ते तसेच ओणवे राहिले, आणि मला वाटलं संपलं सगळं, उद्या सकाळची जामखेड एसटी. इतकी धडपड करून मी एक मूठ गाळ विसरले होते. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

आबा सावकाश बाहेर आले. धोतर पिळलं. मग लोकांच्या बादल्यांनी जिथे चिखल झाला होता तिथे बसले, दोन्ही हातांनी तो गोळा केला आणि माझ्या हातातल्या पाटावर ठेवला. त्यात झेंडूच्या पाकळ्या होत्या. वरून त्यांनी तो थापटून नीट केला.

"ज्वारीच्या डब्यात ठेव," ते म्हणाले.

"ज्वारी संपलीय आबा," मी कसंबसं म्हटलं. "गव्हात चालेल का?"

"चालंल की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दारामागची खुंटी रिकामी. धावत अंगणात आले. आबांचे सदरे आणि धोतर घडी करून खुर्चीवर ठेवलेले होते, आणि ते कोपऱ्यावरून येत होते. हातात ती पिशवी होती, तिच्यातून मेथीची जुडी बाहेर डोकावत होती.

"ह्ये कपडे कपाटात ठेव," ते म्हणाले. "पिशवी लागंल आता भाजीला."