मागच्या खोलीची कडी

लेकीनं नुकती मान धरली होती, तेव्हा माझ्या थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. मुकुंदवाडीत आमच्या दोनच खोल्या. मागच्या खोलीत माझी गादी, ताट, तांब्या आला आणि सासूबाईंनी लेकीला उचलून पुढच्या खोलीत नेलं. त्यांना मी आत्या म्हणते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की दुधातून हा आजार जात नाही, मास्क बांधून बाळाला पाजा, खिडकी उघडी ठेवा. बाळासाठी वेगळं औषधही दिलं होतं. ते आत्यांनी ऐकलं, लेकीला द्यायला औषध ठेवून घेतलं आणि माझ्या खोलीला बाहेरून कडी लावली. रागानं नाही. त्यांची धाकटी बहीण याच आजारात गेली होती. मला ते कळत होतं, पण कळून काय उपयोग? नवरा वाळूजच्या कंपनीतून दमून यायचा. त्याला विनवलं तर म्हणाला, थोडे दिवस काढ, आईला कोण समजावणार.

उन्हाळा होता. कूलर पुढच्या खोलीत. माझी खिडकी उघडली की शेजाऱ्यांची भिंत, हात लांबवला तर लागेल एवढी जवळ. कडी निघायची ती मोरीवर जाण्यापुरती. गोळ्यांनी लघवी लालसर व्हायची. पहिल्यांदा मला ते रक्तच वाटलं आणि सांगायला जवळ कुणी नव्हतं. लेक रडली की मला पान्हा फुटायचा, ब्लाउज भिजायचा. पलीकडं आत्या तिला बाटलीनं पाजायच्या. हळूहळू पान्हाही आटत गेला. एकदा मी दाराला तोंड लावून म्हणाले, "आत्या, एकदाच घेऊ द्या."

"भुकंनं रडंल, पण जगंल," त्या म्हणाल्या. "तुझ्यापशी दिली तर काय सांगावं?"

मग घरातल्या सगळ्यांना तपासायला आरोग्यसेविका आली. आत्यांचा खोकला जुना होता. तो मिश्रीचा आहे असं त्या सांगायच्या आणि आम्हीही तसंच धरून चाललो होतो. त्या थुंकी द्यायला तयार नव्हत्या. सेविकेनं चहा घेत, गप्पा मारत त्यांना राजी केलं. रिपोर्ट नवऱ्यानं आणला. आत्यांनाही टीबी होता.

त्या लेकीला माझ्या नवऱ्याकडं देऊन आपली वळकटी घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि दार आतून ओढून घेतलं. भिंतीला टेकून बसल्या.

"माझ्यापासून तुला लागलं व्हय गं?"

कुणापासून कुणाला ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी तेच सांगितलं.

"नाय. माझा खोकला तुझ्या आधीचा हाय."

त्यांना बरं वाटेल असं बोलायची मला इच्छा झाली नाही.

त्यांनीच मग मला मास्क बांधायला सांगितलं आणि मुलाला हाक मारून लेकीला आत मागवलं. मी तिला छातीशी धरलं. ती जरा चोखायची, तोंड फिरवायची, रडायची. आत्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. शेवटी त्यांनीच दारातून बाटली मागून घेतली आणि माझ्या हातात दिली.

आम्ही दोघींनी गोळ्यांचा कोर्स पुरा केला, बऱ्या झालो. लेकीला काही झालं नाही. आता ती बालवाडीत जाते. दूध मात्र परत आलं नाही.