कुठल्या मंडळीच्या हवाली?

आईला गावाकडून कायमचं पुण्याला आणायचं, हे मी फोनवर ठरवलं आणि फोनवरच तिला सांगून मोकळी झाले. दिवाळीनंतर ती न्हाणीत घसरली, गुडघा टम्म सुजला, आणि मला हे कळलं महिन्याभरानं, तेही बोलण्याच्या ओघात. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एकटीनं राहणं आता बास. ती म्हणाली, "एकटी कुठं हाय मी?" मी ते कानाआड केलं. हा प्रवास तिला आणायला गेले त्याचा. रस्त्याची, खाण्याची माहिती मध्ये मध्ये देतेच. तेवढं तरी कुणाच्या उपयोगी पडो.

शनिवारी सकाळी लवकर निघाले, गाडी मीच चालवत. खंबाटकीला ट्रकांची रांग ठरलेली, तिथे चिडून उपयोग नाही. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते घरूनच बघून निघा. साताऱ्यात स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तिखट सोसत नसेल तर वर दही मागून घ्या. आईसाठी अर्धा किलो कंदी पेढे घेतले. कॉलेजची वर्षं मी याच शहरात काढली, आणि तेव्हा दर रविवारी देवळात गाणाऱ्यांच्या बाकावर असायचे. देऊळ म्हणजे चर्च. आमच्याकडची जुनी माणसं देऊळच म्हणतात. सहज तिकडे गाडी वळवली. झाडलोट करणाऱ्या मावशी फाटकाशी आल्या नि म्हणाल्या, "उद्या या की, साडेनऊला उपासना हाय." मी म्हटलं, मी इथली नाही. तेव्हा त्या बोलण्याचं मला काहीच वाटलं नाही.

कराडात दुपारी अख्खा मसूर आणि रोटी. साध्या ढाब्यावर दीडशे रुपयांत पोट तुडुंब भरतं. तिथून हायवे सोडून तासगावचा रस्ता धरायचा. कारखाने सुरू असले की हा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा असतो. एकामागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि गाणी इतकी मोठ्यानं की तुमचा हॉर्न त्यांना ऐकू जात नाही. अंधार पडायच्या आत पोहोचा, एवढं माझं ऐका. कुंडल मागे टाकलं आणि थोड्याच वेळात गावी, आईच्या घरी आले.

वाटलं होतं, आई एकटीच सामान बांधत बसली असेल. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चार बाया कांदा चिरत होत्या, अंगणात मोठं पातेलं घासून पालथं घातलेलं. दुसऱ्या दिवशी आईच्या निरोपाचं प्रीतिभोजन होतं, म्हणजे उपासनेनंतर मंडळीनं, देवळात येणाऱ्या सगळ्या माणसांनी, एकत्र जेवायचं. मार्थाकाकू शेजारच्या, माझ्या लहानपणापासून आईची मैत्रीण. त्यांच्याकडून कळलं की गुडघा दुखत होता तेव्हा या बायाच आळीपाळीनं रात्री झोपायला यायच्या.

"मग मला का नाही कळवलं, काकू?"

"तुझ्या आयशीनं आन घातली हुती. आनि खरं सांगू का, आमाला तशी गरज बी वाटली न्हाई गं."

काकूंच्या मनात काही नव्हतं. मलाच ते लागलं.

रविवारी सकाळी देवळात गेलो. कौलारू, एका खोलीचं, बाहेर चपलांचा ढीग. आत सतरंज्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, पुढे पेटी आणि तबला. गाणं संथ, आणि दोन-तीन म्हातारे कायम एक ओळ मागे. पुण्यात मी मोबाइलवर उपासना ऐकते, कानात इयरफोन घालून, स्वयंपाक करता करता. सोसायटीत मी ख्रिस्ती आहे हे लोकांना कळतं ते डिसेंबरात गॅलरीत लावलेल्या चांदणीवरून. पुण्यात देवळांना काय तोटा? मीच कुठल्याची झाले नाही. आधी लांब पडायचं, मग मुलांच्या परीक्षा आल्या, मग सवयच मोडली.

शेवटी पाळकांनी, म्हणजे देवळातल्या धर्मगुरूंनी, आईला पुढे बोलावलं. या मंडळीची एक रीत आहे, मी विसरूनच गेले होते. कुणी गाव सोडून निघालं की त्याला नुसता निरोप देत नाहीत. ज्या गावी जायचं तिथल्या मंडळीचं नाव मोठ्यानं घेऊन प्रार्थनेत माणूस त्यांच्या हवाली करतात. सगळे उभे राहिले. आईच्या खांद्यावर हात ठेवून पाळक माझ्याकडे वाकले.

"ताई, तिकडची मंडळी कुठली? नाव सांगा, प्रार्थनेत घेतो."

मी म्हटलं, "आम्ही ऑनलाइनच असतो."

"ऑनलाइन म्हंजी कुठं आलं ते?" शमुवेलकाकांनी विचारलं. मंडळीतले सगळ्यात वडीलधारे, कानानं जरा कमी. खरंच त्यांना कळलं नव्हतं. दोन-तीन पोरं हसली. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच मला जास्त झोंबलं.

पाळक डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, आमच्या या बहिणीला आम्ही तिच्या लेकीच्या हवाली करतो." आमेन म्हणताना सगळ्यांचा आवाज जरा विस्कळीतच निघाला. मग एकेक जण येऊन आईचा हात हातात घेऊन "सलाम" म्हणत गेला. मटणाचा रस्सा फर्मास झाला होता म्हणे. मला चव लागली नाही.

सोमवारी परतलो. गाडीत भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि कुणीकुणी दिलेल्या काकवीच्या बाटल्या. कराडला संगमावर गाडी थांबवली, पण आई खाली उतरली नाही. खंबाटकी ओलांडल्यावर तिनं एकदाच विचारलं, "घरापासनं देऊळ किती लांब?" मी म्हटलं, बघू.

या सहलीतून काय आणलं म्हणाल, तर पस्तावा आणला. आईला डॉक्टर जवळ आहे, लिफ्ट आहे, न्हाणीत धरायला दांडा बसवलाय. पण मी तिला माणसांतून उचलून फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. एवढी वर्षं मी कुठल्या मंडळीची झाले असते, तर आज तिला न्यायला जागा असती.

पहिल्या रविवारी उशीर झाला म्हणून टीव्हीवर उपासना लावली. आई इस्त्रीचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसली. प्रार्थनेला गुडघा धरून उभी राहिली. मी मेथी निवडत होते. संपल्यावर तिनं विचारलं, "आज कोन कोन आलं न्हवतं?"

"कुठे?"

"देवळात."

"ते कसं कळणार, आई? टीव्ही आहे तो."

"मग दुपारी जायाचं कुनाकडं? जे आलं न्हाईत त्येंच्या घरी जाऊन बघाय नगं का, दुखतंय का खुपतंय?"

"आज आपणच गेलो नाही, आई."

ती हळूहळू उठून दारापाशी गेली आणि कडी काढून ठेवली.

"मग येतील की कुनीतरी," म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ती कडी लावायला माझा हात धजला नाही.