साथीला मोठी पेटी

फजितीच ऐकायची आहे ना माझी? मग आधी हातातला चहा संपवा. मागे स्टाफरूममध्ये हीच गोष्ट सांगत होते, तर आमच्या भूगोलाच्या मॅडमच्या नाकातून चहा आला. आणि थोड्या वेळाने त्याच मॅडम पदर डोळ्याला लावून बसल्या. ही गोष्ट हसायची की रडायची, हे मलाच अजून कळलेलं नाही. तुम्हीच ठरवा.

तर मी वणीची. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बेडकाचं हृदय फळ्यावर काढून काढून हात झिजला, पण माझं स्वतःचं हृदय सगळं बासरीत. दर रविवारी एसटीने मुकुटबनला जायचं, बोंडे गुरुजींसमोर बसायचं आणि अहिर भैरव रागातला रिषभ नीट लागत नाही म्हणून बोलणी खाऊन परत यायचं, असा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. गुरुजी निवृत्त शाळामास्तर. गावाबाहेर कापसाचं वावर, ओसरीवर बासऱ्यांची टोपली. कौतुक हा शब्द त्यांनी कधी शाळेतही वापरला नसावा.

अशात पुण्याच्या एका देशमुख सरांनी इटलीतल्या एका डोंगरगावात बासरीवाल्यांचं निवासी शिबिर ठरवलं. आठवडाभर तिथंच राहायचं, तिकडचे चांदीच्या बासरीवाले आणि आपण बांबूवाले एकत्र शिकायचं. मग आजूबाजूच्या गावांतल्या चर्चमध्ये प्रत्येकाचा एकेक स्वतंत्र कार्यक्रम. ज्याचा सगळ्यात चांगला होईल, त्याला शेवटच्या दिवशी शहरातल्या मोठ्या सभागृहात एकट्याला वाजवायला मिळणार. मी रेकॉर्डिंग पाठवलं आणि निवडले गेले हो!

वणीत बातमी कोळशाच्या धुळीसारखी पसरते. दार लावून घेतलं तरी आत येते. कॉलेजने सत्कार केला. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला, खाली एका कोचिंग क्लासची जाहिरात. फक्त सासूबाई नाराज. कारण देशमुख सरांचा निरोप होता, वाजवणाऱ्यांनी काळे कपडे आणावेत. मी काळी रेशमी साडी काढली आणि सासूबाईंनी डोक्याला हात लावला.

“काहून वं, सवाष्ण बाईनं चांगल्या कामाले काळं नेसावं काय?”

“आई, तिकडे कलाकार काळंच घालतात.”

“घालत असन बापा. तिकडची रीतच उलटी.”

शिबिराचे पहिले दिवस फार सुंदर गेले. खिडकीबाहेर द्राक्षांचे मळे, सकाळी सगळे मिळून नुसता एक षड्ज धरायचा. चांदीच्या बासरीवाल्या मुली माझ्या बांबूला हात लावून पाहायच्या, मी त्यांच्या चाव्या दाबून पाहायची. इंग्रजी त्यांचंही मोडकं, माझंही मोडकं. त्यामुळे मैत्री घट्ट!

आणि मग उजाडला माझ्या कार्यक्रमाचा दिवस. गाडीवाल्याने मला एका गावाच्या चौकात सोडलं, हाताने कुठेतरी वर दाखवलं, काहीतरी बोलला आणि निघून गेला. देशमुख सर दुसऱ्या गावाहून थेट चर्चमध्ये येणार होते. मी चौकात उभी. काळी साडी, खांद्याला बासरीची पिशवी. तेवढ्यात खालच्या बाजूने चर्चची घंटा ऐकू आली. घंटा वाजते आहे म्हणजे कार्यक्रमाची वेळ झाली, हे माझं शास्त्रीय अनुमान. कॉलेजात तीच पद्धत आहे ना! मी पदर खोचला आणि उतारावरून धावतच निघाले.

गावात दोन चर्च असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आत पाहते तर काय, हॉल गच्च भरलेला! आमच्याकडे शास्त्रीय संगीताला पहिल्या रांगेत आयोजक आणि शेवटच्या रांगेत माईकवाला, मधात सगळ्या खुर्च्या. आणि इथे भिंतीला टेकून माणसं उभी. त्यात सगळे काळ्या कपड्यांत. माझे तर डोळेच भरून आले. म्हटलं, बघा, काय ही शिस्त! कलाकार काळं घालतो म्हणून मान ठेवायला श्रोतेही काळं घालून आले.

समोर पांढऱ्या झग्यातले एक गृहस्थ गंभीर आवाजात बोलत होते. प्रास्ताविक. ते लांबलं होतं, पण प्रास्ताविक कुठे लांबत नाही?

आणि त्यांच्या समोर एक भलीमोठी पेटी. चकचकीत लाकूड, पितळी कड्या, वर फुलंच फुलं. आपल्याकडे साथीला पेटी असते ती केवढी? मांडीसमोर मावेल एवढी. आणि ही पेटी माणसाएवढी लांब! मी मनात म्हटलं, आतले स्वर केवढे असतील!

हसू नका. तुम्ही म्हणाल, मॅडम, तुम्ही शिकलेल्या ना? अहो, पण मी तसली पेटी पाहिली होती कुठे? आपल्याकडे बांबूची तिरडी. मला वाद्याशिवाय दुसरी पेटी माहीतच नाही.

दाराशी एक तरुण उभा होता. पावलो त्याचं नाव, ते मागून कळलं. त्याने माझी साडी पाहिली, पिशवीतून डोकावणारी बासरी पाहिली आणि एकदम माझा हात धरला. “म्युझिशियन?”

“येस, येस. फ्रॉम इंडिया.”

“इंडिया!” त्याचा आवाज कापला. “यू कम फॉर अंकल?”

मी पेटीकडे बोट दाखवून विचारलं, “दॅट? अंकल?”

“येस. माय अंकल.”

म्हणजे पेटीवर याचे काका! मी खूश झाले. “अंकल म्युझिशियन?”

“येस. ऑल लाइफ. ट्रंपेट, व्हिलेज बँड.”

ट्रंपेटवाले काका पेटीही वाजवतात म्हणजे गुणी माणूस. “व्हेरी गुड! व्हेन अंकल कम?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि डोळ्यांतून पाणीच वाहायला लागलं. मला वाटलं, काका वेळेवर आले नाहीत म्हणून पोरगा बिचारा शरमला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि धीर दिला. काय म्हणाले सांगू?

“नो प्रॉब्लेम. आय स्टार्ट. अंकल विल जॉइन लेटर.”

तो हुंदका आवरत पुढे गेला. पहिल्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती, तिच्या कानात काही बोलला. त्या बाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तसं बघणं मी कधी विसरणार नाही. मग तो झग्यातल्या गृहस्थांकडे गेला, त्यांनीही मान हलवली. त्यांनी पेटीवर पाणी शिंपडलं, भोवती धूप फिरवला. वाद्यपूजा! दसऱ्याला आपण करतो तीच. मीसुद्धा पुढे होऊन पेटीला हात लावून नमस्कार केला. शेवटी तेही वाद्यच.

आणि बासरी ओठाला लावली. अहिर भैरव.

त्या दगडी छताखाली सूर असा फिरत होता की आपणच वाजवतो आहोत यावर विश्वास बसेना. कोणी खोकलं नाही, कोणाचा मोबाइल वाजला नाही. आलाप संपेपर्यंत निम्मे लोक रडत होते. मला वाटलं, हेच ते! याचसाठी इतके रविवार मुकुटबनच्या गाडीत उभी राहून गेले. म्हटलं, आता जरा वातावरण मोकळं करावं. म्हणून आमच्याकडे पोरी घरोघरी फिरून म्हणतात त्या भुलाबाईच्या गाण्याची धून घेतली. ठेका धरणारी. इतकंच नाही, एका हाताने खूण करून लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या!

आधी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग त्या पहिल्या बाकावरच्या म्हातारीने हात वर केले आणि एक टाळी दिली. मग दुसरी. मग सगळं चर्च टाळ्या वाजवायला लागलं, रडत रडत. मी डोलते आहे, लोक रडत आहेत, ठेका चालू आहे.

आणि चार माणसं उठली. पेटीजवळ गेली, खाली वाकली.

त्यांनी पेटीला खांदा दिला.

आता वाद्य उचलायचं म्हणजे कसं? दोघांनी दोन बाजूंनी धरायचं, “सांभाळून, सांभाळून” करत न्यायचं. वाद्याला कोणी खांदा देत नाही. खांदा कशाला देतात, हे वणी असो की इटली, सगळीकडे एकच.

माझी फुंकच बंद पडली. जीवशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर श्वसनक्रिया थांबली. डोक्यात एकेक वाक्य परत ऐकू यायला लागलं. “व्हेरी गुड” म्हणाले होते मी. “व्हेन अंकल कम” विचारलं होतं. पावलोचे काका आत होते, आणि मी बाहेर टाळ्या वाजवून घेत होते! वाटलं, दगडी फरशी दुभंगावी आणि साडीसकट आत जावं.

पळून जावं म्हणून मागे वळले, तर ती म्हातारी समोर उभी. काकांची बायको. तिने माझा हात हातात घेतला, बासरीकडे बोट दाखवलं, मग दाराकडे. चल, वाजवत चल, एवढंच.

सांगा, नाही कसं म्हणायचं?

मी त्यांच्या मागे निघाले. गावातला अरुंद रस्ता, दोन्हीकडे दुकानांची दारं ओढून घेतलेली, पायऱ्यांवर टोपी काढून उभी असलेली माणसं. मी परत अहिर भैरवच धरला, अगदी हळू. आता कोणासाठी वाजवते आहे, ते मला माहीत होतं. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याची भाषा येत नाही, असा एक बँडवाला माणूस. त्याच्यापुढे चुकायचं नाही, एवढंच मनात होतं. म्हातारीने कबरीपर्यंत माझं मनगट सोडलं नाही. मला वाजवायला अवघड जात होतं, पण सोडवून घ्यावंसं वाटलं नाही. माती टाकताना तिने माझ्याही हातात मूठभर दिली. मी टाकली.

नंतर पावलोला कसंबसं समजावलं, की माझी चूक झाली, मला दुसऱ्याच चर्चमध्ये जायचं होतं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, काकांची एकच इच्छा होती, मला बाजा वाजवत न्या. पण बँडमधले बाकीचे त्यांच्या आधीच गेले. वाजवणारं गावात कोणी उरलं नव्हतं. “आणि तुम्ही म्हणालात ना, काका नंतर येऊन साथ करतील? मी काकूला तेच सांगितलं. काकू म्हणाली, या बाईचा किती विश्वास आहे बघ.”

विश्वास! मी मान खाली घातली.

तिकडे वरच्या चर्चमध्ये लोक वाट पाहून घरी गेले होते. देशमुख सर पायऱ्यांवर एकटे बसलेले. मी सगळं सांगितलं. ते आधी रागावले, मग तोंडावर रुमाल धरून बराच वेळ दुसरीकडे बघत राहिले. पण नियम तो नियम. माझा कार्यक्रम झालाच नाही असं धरलं गेलं. शहरातल्या मोठ्या सभागृहात नागपूरचा एक मुलगा एकटा वाजवायला बसला, आणि मी समूहात, शेवटच्या रांगेत, एका उंच जर्मन बाईच्या मागे. फोटोत माझा फक्त अंबाडा आला आहे.

वणीत परतले तर इथल्या एका पेपरचा बातमीदार घरी हजर.

“मॅडम, प्रतिसाद कसा होता?”

आता खोटं कशाला बोलायचं? मी खरं तेच सांगितलं. “हॉल भरलेला होता. लोक रडले. टाळ्याही वाजवल्या. नंतर सगळं गाव माझ्यासोबत चालत आलं.”

“अरे वा! म्हणजे मिरवणूक? खांद्यावर घेतलं असेल!”

मी म्हटलं, “खांदा दिला, हो.” यापुढे मला बोलता येईना, आणि त्याला लिहायची घाई. दुसऱ्या दिवशी मथळा: ‘वणीच्या कन्येला इटलीकरांनी घेतले खांद्यावर!’ सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. तो घशाखाली उतरला कसा, ते विचारू नका.

रविवारी मुकुटबनला गेले. गुरुजी ओसरीवर बसले होते, पेपर त्यांच्यापर्यंत पोचला होता.

“लोकाइनं खांद्यावर घेतलं म्हणे तुले?”

“मले नाही गुरुजी.”

“मंग कोणाले?”

त्यांच्यापुढे काही लपवून ठेवणं जमलं नाही. पेटी, काका, भुलाबाई, मूठभर माती, सगळं सांगितलं. गुरुजी हसले नाहीत. टोपलीतली एक बासरी उचलून पुसायला लागले. मग विचारलं, “रस्त्यानं चालताना काय वाजवलं?”

“अहिर भैरव.”

“रिषभ लागला?”

“लागला, गुरुजी. तुम्ही म्हणता तसा. पयल्यांदाच लागला.”

गुरुजींनी मान हलवली. मी सरसावून बसले. इतक्या वर्षांत आज, आज या माणसाच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द येणार!

“लागनच ना वं,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “आजवर तुले असा श्रोता भेटलाच कुठं होता, जो मधातून उठून नाही गेला?”