रेघेचा आडवा भाग

माझी धाकटी जाऊ पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. मी उभा जन्म रंगमंचावर गरजले. ती उभा जन्म काचेच्या बशांवर वाकून ठिपके मोजत राहिली. तिच्याइतकं चोख काम करणारं माणूस मी आमच्या नाटक कंपनीतही पाहिलं नाही.

मी चिडवायचे, "अगं, तुझी नटमंडळी डोळ्यांना दिसतात तरी का?"

"ताई, ती आधी विंगेतच बसतात," ती म्हणायची. "नव्या जागी जंतू काही तास नुसता बसून असतो. मेलाय असंच वाटतं. मग एकाचे दोन, दोनाचे चार, वीस-वीस मिनिटांत दुप्पट! अन्न संपत आलं की जितके जन्मतात तितके मरतात. मग नुसतेच मरत जातात."

किराण्याच्या यादीमागे ती जंतूंच्या संख्येची रेघ काढून दाखवायची. आधी आडवी, मग चढ, माथ्यावर सपाट, मग उतार.

एका वर्षी मोठी जलवाहिनी फुटली आणि गटाराचं पाणी आत शिरलं. दुरुस्ती झाली, भरपूर क्लोरीन सोडलं, पाण्याचे नमुने हिच्या उबवण पेटीत गेले. जंतू उगवायची वाट बघायचा नियम चोवीस तासांचा. हिचा स्वतःचा अठ्ठेचाळीसचा, कारण क्लोरीनने अर्धमेला झालेला जंतू उशिरा हातपाय हलवतो. चोवीस तासांनी बशा कोऱ्या निघाल्या. बाहेर तहानलेली वस्ती रिकाम्या बादल्या बडवत होती.

"बाई, नियमात बसतंय ना? मग मुहूर्त कसला बघताय?" तिचे साहेब म्हणाले.

तिने सही केली. पिण्यास योग्य.

दुसऱ्या दिवशी तिने सवयीने पेटी उघडली. बशांवर ठिपकेच ठिपके! धावत साहेबांकडे गेली, तासाभरात पाणी बंद झालं. पण वस्ती ते दिवसभर प्यायली होती. ही दारोदार फिरून सांगत सुटली, "साठवलेलं ओतून द्या हो!" एक म्हातारी हसून म्हणाली, "पोरी, आम्हांला कुठे काय झालंय?"

दोन दिवस खरंच काही झालं नाही. मग दवाखान्यात खाटा पुरेनात. एकोणीस माणसं गेली. ती म्हातारीही गेली.

चौकशीची बैठक सगळ्यांना खुली होती. मी जावेच्या शेजारी बसले. साहेबांनी रुग्णांचा आलेख भिंतीवर लावला. आडवी रेघ, चढ, सपाट, उतार. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"साथ आपण आटोक्यात आणली," साहेब म्हणाले.

"आणली नाही, साहेब." ती उठली. "ज्यांना लागायची त्यांना लागून संपली."

"बसा बाई. तुमच्यावर कुणाचा ठपका आहे का? आपल्याच पायावर कशाला धोंडा पाडून घेता?"

"मी चोवीस तासांनी सही केली. थांबायला हवं हे मला ठाऊक होतं. हे कागदात लिहा."

लेखनिकाने साहेबांकडे पाहिलं. त्याचं पेन हललं नाही. तिने ते पेन त्याच्या हातातून काढून घेतलं आणि ती भिंतीपाशी गेली. रेघ जिथे अजून तळाशी आडवी पडून होती, कुणालाच काही झालेलं नव्हतं, तिथे तिने फुली मारली. शेजारी लिहिलं, 'इथे मी सही केली.'

तिची नोकरी शाबूत राहिली. आलेख मात्र त्याच संध्याकाळी उतरवला.